शेपटीवरचा वाघ

अंजूरला खाडीकडच्या आळीत केसरीनाथ तऱ्यांचं घर विचारलं तर लोक उलट विचारत, "नेव्हीवाल्यांचं ना?" आणि मग बोट दाखवत. नेव्ही सोडून त्यांना पंचवीसच्या वर वर्षं झाली होती. ते अधिकारी नव्हते, वैमानिक तर नव्हतेच. गोव्याला सी हॅरिअर विमानांवर मेकॅनिक होते. विमानवाहू जहाजावर विमान उतरलं की त्याच्या पोटाखाली शिरणाऱ्यांपैकी एक. नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा भावांनी भातखाचरांवर भराव टाकायला घेतला होता. तिथे गोदाम उभं राहिलं, भाडं घरबसल्या येऊ लागलं. आळीतली त्यांच्या वयाची माणसं गाळ्याच्या सावलीत पत्ते कुटत बसू लागली आणि केसरीनाथ माडीवरच्या खिडकीशी टेबल मांडून विमानं रंगवत बसले.

तळहातावर मावतील अशी विमानं. प्लास्टिकचे सुटे भाग जोडायचे, सांधे घासून गुळगुळीत करायचे आणि मग रंगवायचं. केसरीनाथ फक्त नेव्हीचीच करत. काचेच्या कपाटात पंख मिटून बसलेलं अलिझे विमान होतं, सी किंग हेलिकॉप्टर होतं. "लोकांचे नवरे ताडीला लागतात, आमचे थिनरला," असं त्यांची बायको राहीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण कपाटाची काच तीच पुसायची. टेबलाला मात्र तिनेही हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता.

चार वर्षांपूर्वी कुणालशी लग्न होऊन क्षितिजा या घरात आली ती वळगावातून. माहेरी ती आणि तिची आई भिवंडीच्या व्यापाऱ्यांसाठी ओढण्यांवर खडे चिकटवण्याचं काम घरी आणून करत. त्यामुळे बारीक कामाचं तिला कौतुक होतं, आणि घरात तीच पहिली, जिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, एवढ्याशा खिडकीच्या काचेवर रंग कसा नाही सांडला?"

केसरीनाथ कमी बोलणारे. पण त्या प्रश्नाने त्यांचं तोंड जे उघडलं ते उघडंच राहिलं. दुपारी ती भाजी निवडायला माडीवर जाऊन बसे आणि ते सांगत. हॅरिअरच्या अंगाला चार नळ्या असतात, त्यांतल्या मागच्या दोन गरम. तिथून निघणारी काजळी शेपटीकडे कशी धरते. समुद्रावरचं विमान कधी कोरं नसतं, मिठाचे ओघळ, पायांचे ठसे, तेलाचे डाग असतात. "नवंकोरं विमान रंगवलं तर ते खेळणं," ते म्हणत. "वापरलेलं दिसलं पायजे. त्याच्यावर माणसांनी काम केलंय हे दिसलं पायजे."

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर, एका सकाळी, केसरीनाथांच्या हातातून चहाचा कप निसटला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला तर हात गेलाच नाही. तोंड वाकडं झालं. कुणालने गाडीत घालून ठाण्याला नेलं. लकव्याचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डोळ्यांना थोडं अंधुक दिसायचं तेही निवळत आलं. उजवा हात मात्र मागे राहिला. राहीबाई त्यांना अंघोळ घाले, सदऱ्याची बटणं लावे. ते मान वळवून खिडकीबाहेर बघत राहत.

दिपिका नावाची फिजिओथेरपिस्ट भिवंडीहून स्कूटीवरून यायची. तरुण पोरगी, बोलायला चटपटीत. एकदा तिने कपाट बघितलं आणि म्हणाली, "काका, व्यायाम म्हणून ब्रश धरा की. मन लागेल आणि बोटंही चालतील."

त्यांच्याकडे एक सी हॅरिअर अर्धवट पडलं होतं. जोडून झालेलं, रंगवायचं राहिलेलं. स्वतः ज्या विमानावर काम केलं ते त्यांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. तेच त्यांनी पुढे ओढलं.

पहिल्या दिवशी कॉकपिटमधल्या काळ्या पट्टीवर पांढरे ठिपके द्यायचे होते, यंत्रांच्या तबकड्यांचे. क्षितिजा खाली भांडी लावत होती. वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून ती धावली. ब्रश भिंतीजवळ पडला होता. केसरीनाथ भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवे झाले होते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेवले नाहीत. राहीबाईने ताट पुढे केलं तर म्हणाले, "भरवून घ्यायला जगलो का मी?"

दुपारी गोळीच्या गुंगीने त्यांचा डोळा लागला. क्षितिजा पाण्याचा तांब्या ठेवायला वर गेली आणि टेबलाशी थबकली. काळ्या पट्टीवर पांढरा रंग फासला गेला होता, मूल पाटी पुसतं तसा. तिला फक्त ते पुसायचं होतं. काडीला कापूस गुंडाळून तिने थिनरने डाग काढला. पट्टी स्वच्छ झाली. मग ती रिकामी पट्टी बघून तिला वाटलं, ते उठले आणि काहीच नाही असं दिसलं तर? तिने दात कोरायच्या काडीचं टोक रंगात बुडवलं आणि ठिपके देत गेली. अगदी सरळ दिले नाहीत. दोन-तीन मुद्दाम हलवले.

केसरीनाथ उठले, चष्मा लावला, भिंग पुढे ओढलं. बराच वेळ बघत बसले. मग जिन्यातून हाक आली, "क्षितिजा! जरा वर ये."

ती गेली तर सासरे हसत होते. वाकडं झालेलं तोंड त्या हसण्यात सरळ दिसत होतं.

"काल मना वाटलं सगळं फासलं. बघ, रंग सुकला नि कसा बसलाय. घाई केली मी रागवायची."

रंग सुकताना थोडा बसतो, हे खरंच होतं. त्यांनीच तिला शिकवलं होतं. क्षितिजाने त्या अर्ध्या खऱ्या गोष्टीला धरलं आणि म्हणाली, "हो ना बाबा. सुकल्यावर कळतं."

त्या संध्याकाळी केसरीनाथ पोटभर जेवले. राहीबाई सुनेला म्हणाली, "बाय, देवाने ऐकलं बघ." क्षितिजाने पोळी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे बघणं टाळलं.

एकदा केलं ते दुसऱ्यांदा करणं सोपं गेलं. केसरीनाथ सकाळी रंगवत, दुपारी झोपत, आणि त्या तासाभरात क्षितिजा जिना चढे. पंखावरच्या तिरंगी गोलाची कडा सुटली असेल तर सारखी करे. वैमानिकाच्या आसनावरची, संकटात ओढायची पिवळी-काळी दोरी तिने रंगवली. मागच्या नळ्यांपाशी काजळी धरवली, बोटाच्या टोकाने, त्यांनी सांगितली होती तशी शेपटीकडे विरत जाणारी. हळूहळू तिला त्यांचा थरथरता हात पाठ झाला. कुठली चूक ठेवायची आणि कुठली काढायची हे कळू लागलं. सगळं सरळ केलं तर संशय येईल, म्हणून ती एखादी कडा वाकडी सोडून देई. तसं करताना तिला स्वतःचीच किळस येई. खोटं बोलणं एक, आणि खोटं खरं दिसावं म्हणून त्याला डाग पाडणं आणखी एक.

तिने कुणालला सांगितलं. तो वळगावच्या एका गोदामात सुपरवायझर होता, ड्युटी करून थकून यायचा. म्हणाला, "बाबा खूश आहेत ना? मग तुला कसला त्रास?"

"ते खोट्यावर खूश आहेत."

"अगं, प्लास्टिकचं विमान आहे ते. कुणाचं काय बिघडतंय?"

बिघडलं ते दिपिकासमोर. तिने केसरीनाथांना आपली दोन बोटं दाबायला सांगितली आणि कपाळाला आठी घातली. "पकड अजून यायला हवी होती, काका. रबराचा चेंडू दाबताय ना रोज?"

"चेंडू कशाला?" केसरीनाथांनी विमान पुढे केलं. "हे बघ. ही कडा बघ. ह्याच्याहून मोठी परीक्षा काय घेशील?"

दिपिकाने भिंगातून बघितलं. ती चाट पडली. "हे तुम्ही केलंत? मग बारीक हालचाल फारच सुधारलीय. आश्चर्य आहे, पकड नाही तेवढी, पण..."

"मग आता नको येऊ पोरी. उगीच तुझ्या खेपा. मी बरा झालो."

क्षितिजा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्या क्षणी एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. ती आत आली, दिपिकाला चहा दिला आणि विचारलं, "बिस्कीट घ्याल?"

दिपिका येईनाशी होऊन दोन महिने झाले तेव्हा उरली होती शेपटी. त्यांच्या स्क्वाड्रनची खूण पांढरा वाघ, तो शेपटीवर यायचा होता. सुट्या भागांच्या पेटीत त्याचं चित्र मिळतं, पाण्यात सोडून कागदावरून अलगद सरकवायचं. पण चिमट्यात धरताना ते फाटलं. केसरीनाथांनी तुकडे बाजूला सारले आणि म्हणाले, "हाताने रंगवतो." त्यांनी सकाळभर मान मोडून काम केलं. क्षितिजा वर गेली तेव्हा शेपटीवर वाघ नव्हता, दुधाचा थेंब सांडावा तसा एक पांढरा डाग होता.

ती खुर्चीत बसली. मनाशी म्हणाली, हे नको, एवढं तरी नको. पण आज डाग तसाच ठेवला तर ते विचारतील, बाकीचं कसं जमलं? एक सोडलं की सगळंच उसवणार. तिने सर्वांत बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि वाघ काढला. कान, जबडा, पाठीवरचे पट्टे. ओढण्यांवर खडे लावणारा हात होता तो, चुकला नाही. आणि काढताना, हे तिला नंतर सगळ्यांत जास्त टोचलं, तिला आनंद झाला होता.

केसरीनाथांनी वाघ बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या हाताने मोबाइल धरून त्यांनी फोटो काढला आणि गोव्याच्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकला. कोचीनहून, विशाखापट्टणमहून, कुठून कुठून उत्तरं आली. एकाने फोन करून स्पीकरवर ओरडून सांगितलं, "नाथ, तेरा हाथ तो पहले से भी अच्छा हो गया रे!" राहीबाईने सगळ्या आळीला साखर वाटली.

पुढच्याच आठवड्यात जवळच, पूर्ण्याला राहीबाईच्या भाचीचा साखरपुडा होता. कुणाल ड्युटीवर, तो रिक्षा सांगून गेला होता. रिक्षा यायला उशीर झाला तशी केसरीनाथांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. झटक्यानंतर स्कूटर अंगणात झाकून ठेवलेली होती.

क्षितिजा ओसरीवर आली. "बाबा, मी फोन करते ना रिक्षावाल्याला. येईलच तो."

"अगं, वाघ रंगवणाऱ्या हाताला ब्रेक दाबता यायचा न्हाय व्हय?"

राहीबाई हसली. आणि क्षितिजाही हसली. दुसरं काय करावं ते न सुचून हसली, पण हसली. सासू पदर खोचून मागे बसली, सुनेला म्हणाली, "दूध उतू घालवू नको," आणि दोघं गेली.

फोन पूर्ण्याहून आला. गोदामाच्या फाटकातून एक टेम्पो मागे येत होता. केसरीनाथांनी तो वेळेत बघितला होता. ब्रेक दाबायला गेले, उजव्या हाताची बोटं वळलीच नाहीत. स्कूटर खडीवर घसरली. त्यांना खरचटण्यावर निभावलं. राहीबाई उजव्या हातावर पडली, मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात क्षितिजा पोचली तेव्हा सासू बाकावर बसून होती, नवी कोरी साडी धुळीने माखलेली, चेहरा पांढराफटक. सुनेला बघून पहिलं वाक्य बोलली ते असं, "दूध बंद केलंस ना?"

क्षितिजा तिच्या पायाशी बसून रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, किती जीव आहे सुनेचा.

घरी आल्यावर केसरीनाथ एकच सांगत राहिले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला नाही. खडी रस्त्यावर टाकलेली. भेटायला येणारा प्रत्येक जण मान डोलवत होता, कारण त्या रस्त्यावरच्या टेम्पोंची सगळ्यांनाच चीड. टेम्पोवाला भिवंडीतला गरीब पोऱ्या, दवाखान्यात येऊन हात जोडून गेला, "चाचा, मेरी गलती नहीं थी, फिर भी माफ करना." केसरीनाथांनी त्याला झाडलं. क्षितिजा बाजूला उभी राहून ऐकत होती. आता तिच्या खोट्यात एक तिसरा माणूसही शिव्या खात होता.

आणि मग केसरीनाथ म्हणाले, "शुक्रवारी हिला प्लास्टर दाखवायला मीच नेतो. स्कूटर दुरुस्त झालीय."

कुणाल म्हणाला, "मी किल्ली लपवतो. तू काही बोलू नको, बाबा मोडतील."

"आईंचा हात मोडला, कुणाल," क्षितिजा म्हणाली. "अजून काय मोडायचं बाकी ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेऊन ती माडीवर गेली. केसरीनाथ विमानाची चाकं न्याहाळत बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, तो वाघ मी काढलाय."

त्यांना समजलं नाही. "काय केलंस?"

"तुम्ही झोपायचात तेव्हा मी रंगवायचे. पहिल्या दिवसापासून. तुमचा हात बरा झालेला नाही, बाबा. मी तुम्हाला तसं वाटायला लावलं."

खाली कुकरची शिट्टी झाली. केसरीनाथांनी विमान तिच्यापुढे ठेवलं. आवाज अगदी शांत होता. "दाखव. कुठं कुठं."

तिने बोट ठेवत दाखवलं. तबकड्या. दोरी. गोलाच्या कडा. काजळी. वाघ. प्रत्येक ठिकाणी ते "बरं" म्हणत होते, हजेरी घ्यावी तसं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग माझं काय हाय ह्याच्यान?"

"पोटाचा पांढरा रंग," ती म्हणाली. "आणि चाकं."

त्यांनी चाकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "जा खाली."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने वाढलेलं ते जेवत, पण ताटाकडे बघून. पहिल्या दिवशी दुपारी थिनरचा वास खालपर्यंत आला. ती जिन्याशी जाऊन उभी राहिली, वर गेली नाही. दुसऱ्या दिवशी केर काढताना तिला दिसलं, विमान पार धुऊन काढलं होतं. वाघ नाही, गोल नाही, काजळी नाही. कच्चं राखाडी प्लास्टिक. पोटाचा पांढरा रंगही त्यांनी ठेवला नव्हता. टेबलाखाली रंगाने माखलेल्या चिंध्या पडल्या होत्या, एका हाताने पिळलेल्या.

त्याच दिवशी कुणालने तिला ग्रुपवरचा मजकूर दाखवला. केसरीनाथांनी डाव्या बोटाने एकेक अक्षर दाबून हिंदीत लिहिलं होतं, की तो वाघ माझ्या सुनेने काढला होता, माझा हात अजून चालत नाही, सगळ्यांनी माफ करावं. क्षितिजाने ते वाचलं आणि मोबाइल परत दिला. माफी तिने मागायची होती, आणि तिच्या वाटची ते मागून बसले होते.

राहीबाईला तिने स्वतःच सांगितलं. सासूचे केस विंचरत होती, कारण राहीबाईला आता एका हाताने अंबाडा घालता येत नव्हता. सांगून झालं. कंगवा केसांत तसाच राहिला.

"बोला ना, आई. शिव्या तरी द्या."

"मी काय बोलू?" राहीबाई म्हणाली. "त्यांच्या लेंग्याची नाडी रोज सकाळी कोण बांधतंय? मीच ना? नाडीची गाठ ज्या हाताला मारता येत न्हाय तो हात कसा हाय ते मना ठावं व्हतं. तरी आळीभर साखर वाटली. तरी मागं बसली." थोडं थांबून ती म्हणाली, "पण तू मना सांगायला पायजे व्हतं, क्षितिजा. त्यांना नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. मना सांगायचं व्हतं. एका घरान ऱ्हाऊन मी साखर वाटते नि तू बघतेस?"

ते क्षितिजाला लागलं. तिने अंबाडा घातला. सैल झाला. पुन्हा सोडून पुन्हा घातला.

दिपिकाला फोन केसरीनाथांनी स्वतः केला. ती आली, तिला सगळं कळल्यावर ती क्षितिजाकडे बघून म्हणाली, "मधले महिने गेले ते परत येत नाहीत, वहिनी. सुरुवातीला जे येतं ते नंतर येत नाही." ती रागाने बोलली नव्हती, एखाद्या पेशंटच्या माणसाला सांगावं तसं बोलली होती. क्षितिजा ते वाक्य आजही भांडी घासताना स्वतःशी म्हणते. किती आलं असतं, कुणी सांगू शकत नाही. कदाचित एवढंच आलं असतं. कदाचित गाठ मारण्याइतकं.

टेम्पोवाल्या पोऱ्याला केसरीनाथ कुणालला घेऊन भेटायला गेले. काय बोलले ते कुणालने सांगितलं नाही, फक्त म्हणाला, बाबा त्याच्यासमोर उभेच राहिले, बसले नाहीत.

राहीबाईचं प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जरासं बाहेर वळलेलं राहिलं. तांदळाची भाकरी थापताना तिचा हात पुरेसा फिरत नाही, एका बाजूला जाड होते. भाकरीची कड फुटली की ती काही न बोलता परात सुनेकडे सरकवते.

केसरीनाथ आता रोज सकाळी चेंडू दाबतात. राखाडी हॅरिअर पुन्हा रंगवायला घेतलं आहे, काही डाव्या हाताने, काही उजव्या. एका दुपारी त्यांनी बऱ्याच दिवसांनी जिन्यातून हाक मारली, "क्षितिजा, ह्याला जरा धर. हलतंय." ती वर गेली आणि दोन बोटांत विमानाचं नाक धरून बसली. त्यांनी पंखावर रेघ ओढायला घेतली. रेघ निम्म्यावर थरथरली आणि कडेला लावलेल्या चिकटपट्टीबाहेर गेली. तिच्या मोकळ्या हाताची बोटं आपोआप कापसाकडे गेली. त्यांनी ते बघितलं.

तिने हात मांडीखाली दाबून धरला.

केसरीनाथांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि म्हणाले, "सरळ धर. नाक खाली जातंय."

तिने नाक वर उचललं.